ऑपरेशनला पैसे आहेत, गुडघ्याला नाहीत

आपल्या समाजात मदत मिळवायची असेल तर आजार कसा असावा, याचे काही अलिखित नियम आहेत. तो अचानक आलेला असावा. त्यात रक्त असावे, आयसीयू असावा, निदान टाके तरी असावेत. व्हॉट्सॲपवर फिरवायला स्ट्रेचरवरचा एक फोटो असावा. एवढे असले की संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात पैसे जमतात. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. असे जमलेले पैसे लोकांचे जीव वाचवताना मी पाहिले आहेत आणि जमवणाऱ्यांत मीही फिरलो आहे. माझे भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. तोच माणूस घरी येतो, टाके निघतात, आणि आता गुडघा वाकता व्हावा म्हणून त्याला एका वेळचे तीनशे रुपये लागू लागतात, तेव्हा हा सगळा समाज कुठे जातो?

गुडघ्याची वाटी मोडणे हे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ते माझ्याच पायात घडले आहे. गेल्या वर्षी मगरिबच्या आधी मशिदीच्या वुजूखान्यात घसरलो आणि उजव्या गुडघ्यावर सरळ आदळलो. (वुजूखान्यात चकचकीत ग्रॅनाइट बसवण्याची जी चढाओढ आपल्याकडे लागली आहे तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायचे आहे. ओल्या पायांनी चालायच्या जागी आरशासारखी फरशी घालायची आणि तिच्यावर दात्याच्या वडिलांचे नाव कोरायचे, यात सवाब किती आणि म्हाताऱ्यांची मोडलेली हाडे किती, याचा हिशेब ट्रस्टींनी करावा.)

वाटी हे हाड विचित्र आहे. ते दुसऱ्या हाडाला सांध्याने जखडलेले नाही. मांडीच्या मोठ्या स्नायूचा जो जाड दोर खाली नडगीपर्यंत जातो, त्या दोरातच ते ओवल्यासारखे बसलेले असते. विहिरीवरच्या रहाटाला जसे चाक, तशी ही वाटी: स्नायूची ओढ गुडघ्यापासून थोडी पुढे धरते, म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो. ती आडवी तुटली की मांडीचा स्नायू वरचा तुकडा वर खेचून घेतो आणि दोन तुकड्यांत फट पडते. माणसाला पाय सरळ ठेवून उचलता येत नाही. मला टेबलावर झोपवून डॉक्टरांनी पहिल्यांदा हेच करायला सांगितले होते. पाय जागचा हलला नाही.

म्हणूनच अशा वाटीला बाहेरून पट्टी बांधून काही होत नाही. फट पडली नसेल, पाय उचलता येत असेल, तर चार-सहा आठवडे प्लास्टरमध्ये वाटी आपोआप जुळू शकते, आणि हाड बसवणाऱ्या वैद्यांची कीर्ती अशाच रुग्णांवर उभी असते. पण तुकडे दूर गेले असतील तर कितीही लेप लावा, स्नायू आपली ओढ सोडत नाही. तिथे आत शिरून तुकडे एकत्र बांधावे लागतात. बहुतेक वेळा दोन पिना उभ्या घालतात आणि त्यांच्याभोवती तारेचा इंग्रजी आठाच्या आकाराचा फास आवळतात. कुणाला पिनांऐवजी पोकळ स्क्रू घालतात. वाटीचा चुरा झाला असेल तर काम अवघड होते, क्वचित तिचा काही भाग काढूनही टाकावा लागतो.

आता या तारेचा हेतू काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण माझा सगळा वाद तिथेच आहे.

1877 साली लंडनमध्ये जोसेफ लिस्टरने मोडलेली वाटी उघडून चांदीच्या तारेने बांधली, तेव्हा धडधाकट सांध्यात सुरी घालणे हा वेडेपणा समजला जाई, कारण जंतुसंसर्ग झाला तर पाय, कदाचित जीवही जायचा. लिस्टरने जंतुनाशकाच्या जोरावर ते करून दाखवले. पुढच्या काळात ऑपरेशने वाढली, पण हाड जोडल्यावरही पाय महिनोन्महिने प्लास्टरमध्ये ठेवायची सवय सुटायला फार वेळ लागला. हाड जुळायचे आणि सांधा आखडायचा, स्नायू वाळायचा, पाय सुजायचा. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जन एकत्र आले आणि त्यांनी या दुखण्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. हाड इतके पक्के बांधा की सांधा लवकर हलवता येईल, असा त्यांचा आग्रह होता. आज जगभर हाडांची ऑपरेशने याच विचाराने होतात.

म्हणजे तार घातली जाते ती पाय हलवता यावा म्हणून. नुसते हाड चिकटवणे एवढेच काम असते तर तारेची कहाणी अर्धी सांगून भागले असते. ज्याच्या वाटीत तार घातली आणि ज्याला पुढचे तीन महिने कुणी गुडघा वाकवायला शिकवले नाही, त्याचे ऑपरेशन अर्धेच झाले आहे. उरलेले अर्धे फिजिओथेरपिस्टच्या खोलीत होते. ते फुकट होत नाही आणि त्यासाठी आपल्याकडे कुणी खिशात हात घालत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झाले, कमरेत भूल देऊन. दुसऱ्या सकाळी एक तरुण फिजिओ मुलगी आली आणि म्हणाली, "काका, पाय हलवू नका, फक्त मांडी आवळा, गुडघ्यामागे हात आहे समजून तो दाबा." मांडी माझी, पण तिला हुकूम पोचेना. दहा मिनिटांनी कुठे स्नायू फडफडल्यासारखा झाला. त्यानंतर ब्रेस लावून, पाय सरळ ठेवून, वॉकर धरून उभे केले. टाके निघाल्यावर वाकवणे सुरू झाले, डॉक्टर सांगतील तेवढेच अंश. सहाव्या आठवड्याच्या आसपास नव्वद अंश, तिसऱ्या महिन्यात एकशेवीस. मला हे जमले याचे कारण मी फार हिंमतवान आहे हे नाही. मी शाळामास्तर आहे, मला वैद्यकीय रजा होती, रजेत पगार चालू होता, मुलगा रोज कारने नेऊन आणत होता. एवढे सगळे असेल तर वाटी मोडणे ही त्रासाची पण सरणारी गोष्ट आहे. आजही वाकताना तारेचे टोक कातडीखाली टोचते. तार काढायला ये, असे डॉक्टर म्हणतात. हे अनेकांना होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आता दुसरा गुडघा पाहा. आमच्या गल्लीत एक खाला आहेत, वय पंचावन्न. त्यांना विचारून लिहितो आहे. माझ्या आधी काही महिने भाच्याच्या मोटरसायकलवरून पडल्या. तीच वाटी, तशीच आडवी मोडलेली, तशीच तार. गावातल्या एका फंडाने ऑपरेशनला चाळीस हजार दिले, तेही दोन दिवसांत. फंडाचे लोक दवाखान्यात भेटायला आले, फळे आणली, दुआ केली. डिस्चार्जच्या कागदावर सगळ्यात खाली इंग्रजीत एक ओळ होती: सांगितल्याप्रमाणे व्यायाम करणे. काय सांगितले होते? कुणी सांगितले होते? खालांना इंग्रजी येत नाही, मुलाला वाटले गोळ्यांचे काहीतरी असेल.

घरी आल्यावर सगळ्यांनी प्रेमाने त्यांचा गुडघा बिघडवला. हे वाक्य कठोर वाटेल, पण दुसरे कसे लिहू? "अब बिल्कुल आराम करो, हिलना नको," असे येणारा प्रत्येक जण सांगत होता. गुडघ्याखाली उशी दिली, म्हणजे पाय किंचित वाकलेला राहून तसाच आखडला. दोन महिने पलंगावर. मग कुणीतरी सांगितले म्हणून एक मालीशवाला आला आणि त्याने एका दिवसात पाय वाकवून दाखवायचा चंग बांधला. खालांची किंचाळी आमच्या घरापर्यंत आली होती. त्यानंतर त्या कुणालाच पायाला हात लावू देईनात.

आज चौदा महिने झाले, खालांचा गुडघा साठ अंशांपलीकडे वाकत नाही. एक्स-रेत हाड सुंदर जुळलेले आहे. सर्जनच्या दृष्टीने, फंडाच्या दृष्टीने, फाईलच्या दृष्टीने ही केस यशस्वी आहे.

साठ अंश म्हणजे काय, हे जमिनीवर जगणाऱ्या माणसालाच कळेल. जिना नीट चढा-उतरायला नव्वद-शंभरच्या आसपास वाक लागतो. उकिडवे बसायला त्याहून कितीतरी जास्त. नमाजात अत्तहियातला बसायचे तर गुडघा जवळजवळ पूर्ण मिटावा लागतो. खुर्ची-कमोडवर आयुष्य काढणाऱ्या देशांत एकशेवीस अंश आले की उपचार संपल्यासारखे मानले तर चालत असेल, आपल्याकडे एकशेवीस अंशांचा माणूसही अडतो. खालांच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे. त्या काय करतात, माहीत आहे? पाणी कमी पितात. दुपारनंतर जवळजवळ बंदच. मधुमेह असलेली बाई संडास टाळण्यासाठी पाणी सोडते आहे, आणि आपल्या दप्तरात तिच्या नावापुढे "मदत पूर्ण" असा शेरा आहे.

मी त्या फंडाकडे वीस वेळच्या फिजिओथेरपीचे पैसे मागायला गेलो होतो. वीस गुणिले तीनशे, सहा हजार रुपये. मला मिळालेले उत्तर शब्दशः असे: "सर, मालीश के वास्ते जकात नहीं दे सकते."

या उत्तरात किती चुका आहेत त्या सांगतो.

पहिली, फिजिओथेरपी म्हणजे मालीश नव्हे. चार-साडेचार वर्षांचा पदवीचा अभ्यास आहे तो, शरीररचनेपासून सुरू होणारा. वाटीच्या रुग्णाला तर मालीश जवळजवळ लागतच नाही. त्याला लागतो तो कुणीतरी रोज मोजणारा माणूस: आज किती वाकला, किती सरळ झाला, पाय उचलताना गुडघा ढिला पडतो का, सूज वाढली का, आज थांबायचे की पुढे जायचे. घाई केली तर तार निसटू शकते, दिरंगाई केली तर सांधा आखडतो. या दोन धोक्यांमधली वाट दाखवणे हेच त्याचे कौशल्य.

दुसरी, जकातीबद्दलची. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि त्यांत फकीर व मिस्कीन सगळ्यात आधी येतात. खाला त्या व्याख्येत ऑपरेशनच्या दिवशी बसत होत्या, तर मग टाके निघाल्यावर श्रीमंत झाल्या का? हक्क माणसाचा असतो. सुरीला पैसे आणि व्यायामाला नाही, हा भेद फंडाच्या नियमावलीत असेल, तो दीनमध्ये मला तरी कुठे सापडलेला नाही.

तिसरा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण तो प्रामाणिक होता. फंडाचे एक बुजुर्ग म्हणाले, "पैसे थोडे आहेत. इकडे डायलिसिसवाला आहे, तिकडे कॅन्सरवाली आहे. गुडघ्याने कुणी मरत नाही." खरे आहे, मरत नाही. पण मग ते चाळीस हजार तरी का दिले? गुडघा चालावा म्हणूनच ना? तो चालला नाही, म्हणजे तेही वाया गेले. सहा हजार वाचवण्यासाठी चाळीस हजार बुडवणे याला काटकसर म्हणत नाहीत. निधी कमी आहे म्हणूनच त्यातला प्रत्येक रुपया शेवटपर्यंत पोचला की नाही हे पाहायला नको का?

सरकारला यातून मोकळे सोडण्याचा माझा विचार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांचा सगळा भर दवाखान्यात भरती झालेल्या रुग्णावर. डिस्चार्जनंतर दहा दिवसांचा पाठपुरावा पॅकेजात येतो. वाटीच्या रुग्णाचे टाके निघायलाच दोन आठवडे लागतात. म्हणजे गुडघा वाकवण्याचे खरे काम सुरू होण्याआधीच योजना संपलेली असते. सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपी मिळते, हो, पण ती जिल्ह्याच्या ठिकाणी. तालुक्यातल्या बाईने आठवड्यातून तीनदा तिथे जायचे कसे? 2023 पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, ही चांगलीच गोष्ट. पण एसटीची पहिली पायरी केवढी उंच असते, ती न वाकणाऱ्या पायाने चढून पाहा. सरकारने यात बदल करावा यासाठी निवेदने द्यायला हवीत, देऊ. तोवर खालांनी पाणी न पिता बसून राहायचे का?

आता घरातल्या गोष्टीकडे येतो, कारण तिथे आपण फार लवकर गप्प होतो. खालांच्या घरी फिजिओ पाठवायची गोष्ट मी काढली तेव्हा त्यांच्या मोठ्या दिराचा पहिला प्रश्न होता, "मर्द आएगा क्या?" ज्या मालीशवाल्याने खालांना रडवले तोही मर्दच होता, हे त्यांना आठवले नाही. सर्जनही मर्द होता. जीव घाबरतो तिथे परदा आपोआप सैल होतो आणि जिथे नुसते बाईचे चालणे-फिरणे पणाला लागलेले असते तिथे तो पुन्हा घट्ट होतो. गरजेपोटी मनाई सैल होते, हा फिकहचा जुना कायदा मदरशातल्या पोरालाही पाठ असतो. आणि इथे तर त्या कायद्यापर्यंत जायचीही गरज नाही. फिजिओथेरपी शिकणाऱ्यांत मुलींची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे, त्यांत आपल्या मुलीही आहेत. आपण त्यांना शिकू देतो, निकाहच्या बायोडाटात डिग्री लिहितो, आणि पुढे घरी बसवतो. एकीकडे घरी बसलेल्या फिजिओ मुली आणि दुसरीकडे पलंगावर बसलेल्या खाला, आणि दोघींच्या मध्ये दोन गल्ल्यांचे अंतर.

आणि खुर्ची. खाला घरी खुर्चीवर नमाज पढतात, तर नात्यातल्या एका बाईने त्यांना सुनावले की हल्ली सगळ्यांनाच खुर्चीची चैन हवी. मशिदीतही खुर्चीवर बसणाऱ्यांकडे तिरक्या नजरेने पाहणारे मी रोज पाहतो. मी स्वतः पाच महिने तिथे बसलो आहे. इम्रान बिन हुसैन यांना दुखणे होते तेव्हा पैगंबरांनी त्यांना सांगितले होते की उभे राहता येत नसेल तर बसून पढा, बसता येत नसेल तर कुशीवर. बुखारीत आहे. यापुढे कुणाला अधिक कडक व्हायचे असेल तर त्याने ते स्वतःच्या गुडघ्यावर करावे. पण मला टोचते ते याच्या उलटे आहे. आपण ही सवलत आजाऱ्याला देतो आणि त्याच क्षणी त्याला विसरतो. "खुर्ची आहे ना, मग झाले." खालांना खुर्ची नको आहे. त्यांना जमिनीवर कपाळ टेकायचे आहे. त्या मला म्हणाल्या, "बेटा, सज्दे में माथा जमीन को नहीं लगा, चौदह महीने हो गए." ज्या समाजाला एका बाईच्या कपाळाचे आणि जमिनीचे अंतर सहा हजार रुपयांत कमी करता आले असते, तो समाज तिला खुर्ची जायज आहे की नाही यावर चर्चा करत बसला होता.

दर काही दिवसांनी माझ्या फोनवर अबुल कासिम अल-जहरावींचा मेसेज येतो. कॉर्दोबाचे थोर शल्यविशारद, तीस खंडांचा ग्रंथ, शेवटच्या खंडात शस्त्रक्रिया, हाडांवर वेगळा भाग. सगळे खरे आहे आणि मलाही अभिमान वाटतो. पण हजार वर्षांपूर्वी ज्याने हाडांवर इतके बारकाईने लिहिले त्याचे नाव पुढे पाठवणारा माणूस आणि "मालीश के वास्ते जकात नहीं" म्हणणारा माणूस हे एकच आहेत. मी नाव घेत नाही. तो मेसेज त्यांनीच मला दोनदा पाठवला आहे.

करायचे काय, असे विचारले जाते. काही अवघड नाही. फंडाने हाडाच्या ऑपरेशनला पैसे मंजूर करतानाच फिजिओथेरपीची रक्कम बाजूला काढावी आणि ती रुग्णाच्या हातात न देता, हजेरी बघून, थेट फिजिओला द्यावी. आपला शादीखाना सोमवार ते गुरुवार कुलूपबंद असतो. त्याची एक खोली सकाळी दोन तास बायकांसाठी उघडावी, त्या दोन मुलींना मानधन द्यावे. हिंदू, दलित, कुणीही बाई आली तरी तिला बसवावे. गुडघ्याला जात नसते आणि आमच्या गल्लीच्या पलीकडेही अशा पाच-सहा जणी आहेत. डिस्चार्जचा कागद मराठीत समजावून सांगेल असा एक शिकलेला पोरगा दवाखान्यात भेटायला जाणाऱ्यांसोबत जावा. फळे कमी नेली तरी चालतील. आणि वुजूखान्यात खरबरीत फरशी, धरायला दांडा, एक कमोड.

मी गेल्या महिन्यात खालांना शहरातल्या एका फिजिओकडे घेऊन गेलो होतो. तिने कोनमापक लावला, बराच वेळ तपासले, आणि सांगितले की इतक्या उशिरा नुसत्या व्यायामाने किती सुटेल याची खात्री नाही, प्रयत्न करू. सुटला नाही तर सर्जन भूल देऊन सांधा सोडवतील, आत चिकटलेले मोकळे करतील आणि त्यानंतर पुन्हा व्यायाम लागेलच. परत येताना रिक्षात मी तो कागद वाचत होतो आणि माझ्या लक्षात आले की त्या दुसऱ्या ऑपरेशनला फंड पैसे देईल. ते ऑपरेशन आहे. टाके असतील, फोटो असेल.

फंडाची बैठक येत्या रविवारी जोहरनंतर आहे. माझा अर्ज तिसऱ्यांदा जातो आहे, रक्कम तीच, सहा हजार. यावेळी मी कोनमापकाचा कागद जोडला आहे आणि खालांनाही सोबत नेणार आहे. बैठक वरच्या मजल्यावर असते. अठरा पायऱ्या आहेत. ज्यांना त्यांना उत्तर द्यायचे आहे त्यांनी एकतर खाली उतरून यावे, नाहीतर त्या वर येईपर्यंत थांबावे.